रुखवत मांडीवर, औषध डिकीत!

वऱ्हाड निघाले, की सामानाचे आपोआप दोन भाग पडतात. काही डिकीत जाते, काही मांडीवर बसते. आतेबहिणीच्या लग्नासाठी आम्ही पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात निघालो, तेव्हा मांडीवर बसायचा मान अर्थातच रुखवताला मिळाला होता. बत्ताशांचे देऊळ एका मावशींच्या मांडीवर, साखरेचे तुळशीवृंदावन दुसरीच्या. गाडी खड्ड्यातून गेली, की बायका श्वास रोखून धरत. मुलीकडच्यांची अब्रू त्या बत्ताशांत होती ना!

आमची आत्या, म्हणजे नवरीची आई, कैक वर्षांची मधुमेही. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचे इंजेक्शन. इन्सुलिनची बाटली, सिरिंजा, साखर तपासायचे यंत्र आणि ग्लुकोजचा पुडा असे सारे एका डब्यात होते. डबा मोठ्या बॅगेत, साड्यांच्या तळाशी. आणि बॅग डिकीत. हे विसरून झाले नव्हते. "विहीणबाईंच्या नजरेला पडायला नको. हिच्या आईला साखर आहे म्हणून उगाच पोरीला ऐकवायचे," असे आत्या आदल्या रात्रीच म्हणाली होती.

घाटात पुढे एक ट्रक बंद पडला आणि दीड तास गाडी जागची हलली नाही. आत्याने सकाळी नेमाने इंजेक्शन घेतले होते; पोहे मात्र धांदलीत चार घासच खाल्ले होते. अकराच्या सुमाराला तिला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. "गाडी लागली असेल," म्हणून कोणी आवळासुपारी पुढे केली. मग ती आतोबांवर विनाकारण खेकसली. चारचौघांत आवाज चढवणारी आत्या नव्हे! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डिकी उघडायची, तर मागे दुसरी गाडी अगदी चिकटून उभी. शेवटी मावशींनी देवळाचा कळस मोडला. बत्तासे पाण्यात विरघळवले आणि तो पेला आत्याला पाजला. पंधरा-वीस मिनिटांनी ती सावरली आणि पहिले वाक्य बोलली, "रुखवत कोणी मोडलं?"

गाडीभर हशा पिकला. पण ती शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणून हे निभावले. रात्री अंथरुणाला पाठ टेकली तरी माझ्या मनातून ती डिकी जात नव्हती.

इन्सुलिनचा शोध लागला १९२१ साली, कॅनडातल्या टोरांटो शहरात. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला टोचले गेले. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून चार दिवस अधिक जगवणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. इतके मोलाचे हे औषध. पण एकदा टोचले, की ते आपले काम करीत राहते. पानात जेवण आले की नाही, याची ते वाट पाहत नाही. घरी याची अडचण होत नाही, कारण स्वयंपाकघर चार पावलांवर असते. बाहेर पडल्यावर ते चार पावलांवरचे स्वयंपाकघरच बरोबर न्यावे लागते.

म्हणून पहिला नियम असा, की हा डबा हातातल्या पिशवीत हवा. विमानातसुद्धा तो आपल्याजवळच ठेवावा. खालच्या सामानात इन्सुलिन गोठण्याची भीती असते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरता येत नाही. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असली, की तपासणीच्या वेळी सुयांवरून प्रश्न उरत नाहीत. चार दिवसांचा प्रवास असेल, तर औषध आणि सुया आठ दिवसांच्या घ्याव्यात.

दुसरी गोष्ट साखरेची. यंत्रावर आकडा ७०च्या खाली आला, की साधारण १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यातून घ्यावे. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा वर आला नसेल, तर तेवढेच पुन्हा घ्यावे. आणि मग पोटभर काही खावे. पेढा किंवा चॉकलेट यासाठी उपयोगाचे नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. माणूस बेशुद्ध असेल, तर मात्र तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि थेट दवाखाना गाठावा.

तिसरी गोष्ट उन्हाची. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवतात. वापरात असलेली बाटली सावलीत, ३० अंशांच्या आत, बहुधा चार आठवडे टिकते. नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती ठेवू नये, बर्फालाही थेट टेकवू नये. ओल्या फडक्याची युक्ती देशावरच्या कोरड्या हवेत चांगली चालते. कोकणातल्या दमट हवेत पाणी लवकर उडत नाही, तिथे थंड पाण्याचा थर्मास बरा.

चौथी गोष्ट परगावी घाईत सिरिंज विकत घेणाऱ्यांसाठी. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधले आणि परदेशातले बहुतेक १०० युनिटचे. १०० युनिटचे औषध ४० च्या सिरिंजेत भरले, तर अडीचपट मात्रा अंगात जाते! तेव्हा बाटली आणि सिरिंज यांच्यावरचे आकडे जुळवून पाहावेत. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकाव्यात. आणि आंब्याच्या दिवसांत बोट टोचण्यापूर्वी हात धुवावेत. नाही तर यंत्र रक्तातली नव्हे, बोटावरच्या रसाची साखर सांगते.

पण हे सगळे बरोबर असूनही कोणाला ठाऊकच नसेल, तर उपयोग काय? गोळी-इंजेक्शन लपवण्याची सवय आपल्याकडे फार. पंगतीत इंजेक्शन कसे घ्यायचे, म्हणून माणसे आधीच न्हाणीघरात जाऊन घेऊन येतात. आणि मग उखाणे, आग्रह, फोटो यांत पान वाढायला तासभर लागतो. कन्यादानाचा उपास हाही डॉक्टरांना आधी विचारल्याशिवाय धरू नये.

बत्ताशांची गोष्ट लपून राहणार थोडीच! कळस नसलेले देऊळ पाहून विहीणबाईंनी विचारलेच. आत्या खाली मान घालून बसली. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, आधी सांगितलं असतंत तर! जेवणं उशिरा व्हायची आहेत. तुमचं पान आधी वाढायला सांगते."

आता आत्या प्रवासाला निघाली, की तिच्या खांद्याला खणाची पिशवी असते. गाडी सुटण्यापूर्वी ती शेजारणीला सांगून ठेवते, "मला साखर आहे. घाम सुटून काहीबाही बोलायला लागले, तर या कप्प्यातलं ग्लुकोज पाण्यातून द्या." बहुतेक वेळा शेजारीण म्हणते, "आमच्या ह्यांनाही आहे हो!" आणि मग उतरायचे ठिकाण कधी येते, ते दोघींना कळतही नाही.