रस्ता ओलांडणे हाही आरोग्याचाच प्रश्न

आरोग्याच्या पानावर रस्त्याचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. केंद्र सरकारची आकडेवारी पाहा. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे दिवसाला सुमारे नव्वद. धुणीभांड्याला जाणाऱ्या भगिनी, बिगारी, शाळकरी मुले, सायकलवर कामाला जाणारे बांधव; रस्त्यावर पायी कोण असतो, हे वस्तीला सांगायला नको.

अलीकडे घर, पलीकडे शाळा, दवाखाना, रेशनचे दुकान, बसथांबा, आणि मधे भरधाव रस्ता. ओलांडायची भीती बसली की म्हातारी माणसे घराबाहेर पडत नाहीत. चालणे थांबले की गुडघे आखडतात, साखर वाढते, तपासणीची तारीख चुकते. कमावत्या माणसाचा पाय मोडला तर मजुरी बुडते आणि घर कर्जात जाते.

यावरचे पहिले औषध म्हणजे वाहनांचा वेग कमी करणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटरवरून ६५ वर गेला तर धडक बसलेल्या पायी माणसाच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. म्हणून शाळा, विहार आणि दवाखान्यासमोर गतिरोधक किंवा उंचावलेला झेब्रा पट्टा हवा.

पुष्कळदा वस्ती पादचारी पूल मागते आणि तोच मंजूर होतो. पण गुडघेदुखीची आजी, गरोदर बाई, सायकलवाला, हातगाडीवाला त्या पायऱ्या कशा चढणार? मग माणसे दुभाजकावरून उड्या मारतात आणि दोष त्यांनाच लागतो. मागणी करायची ती रस्त्याच्या पातळीवर झेब्रा पट्ट्याची, सिग्नलची आणि मधल्या दुभाजकात थांबायला सुरक्षित जागेची. सिग्नलचा वेळही मोजून घ्या. २४ मीटर रुंद रस्ता तरुण माणूस सेकंदाला १.२ मीटर चालत २० सेकंदांत ओलांडतो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजोबांना ३० सेकंद लागतात. सिग्नल २० सेकंदांचाच असेल तर आजोबा रस्त्याच्या मधेच अडकतात.

निर्णय होत नाहीत असे नाही. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण आणि २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चालण्याजोगा पदपथ मिळणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पण ठराव झाला म्हणजे पट्टा रंगला असे होत नाही.

हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो बांधवांसह तळ्यावर चालत गेले, तेव्हा त्या ठरावात जीव आला.

मग आपण काय करावे? आधी रस्ता कोणाचा ते पाहा: महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा. अर्ज तिथेच द्यायचा. सिग्नलसाठी वाहतूक पोलिसांनाही प्रत द्या. सकाळी शाळेच्या वेळी महिला मंडळाने एक तास उभे राहून किती माणसे ओलांडतात, त्यात मुले आणि म्हातारी किती, ते वहीत लिहावे. ही मोजणी, फोटो आणि सह्या जोडून अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या व पोच घ्या. नगरसेवकाला तो विषय प्रभाग समितीत मांडायला लावा. पुण्यात प्रभागातली कामे सुचवण्यासाठी नागरिकांच्या सहभागाचा अर्थसंकल्प आहे, त्याचा अर्जही भरा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात अर्जाचे काय झाले ते विचारा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

तोवर अपघात झालाच तर १०८ वर फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चे संरक्षण आहे, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने मागे हटू नका. २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. रुग्णालयात पोहोचताच ही योजना विचारा.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात हा विषय घ्या आणि अर्जावर पहिली सही त्या आजीची घ्या, जिने रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात जाणे सोडले आहे.

जय भीम!