नवा फोन घेताना जुने नंबर कसे न्यावेत?

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा वाटेल, पण तो उसापासून फार दूर नाही. दसरा-दिवाळीला पुष्कळ घरांत नवा मोबाईल येतो आणि त्याच सुमारास गळीत हंगामाची गडबड सुरू होते. मुकादम, ट्रॅक्टरवाला, चिटबॉय, गट कार्यालय, पाण्याची पाळी सांगणारा पाटकरी, या सर्वांचे नंबर नेमके याच दिवसांत लागतात. ते जुन्या फोनात राहिले आणि जुना फोन दुकानदाराला बदल्यात दिला, की ऐन तोडीच्या वेळी खोळंबा ठरलेला.

गेल्या काही हंगामांत असे प्रकार आमच्या पाहण्यात आले. एका सभासदाच्या उसाला तोड आली. टोळी शेजारच्या शिवारात उतरली होती. मुकादमाने दोनदा फोन केला, पण नव्या फोनवर त्याचे नाव नव्हते, नुसता अनोळखी नंबर दिसत होता. हल्ली फसवणुकीचे फोन फार येतात, म्हणून सभासदाने तो उचलला नाही. मुकादमाने टोळी पुढच्या फडात घातली आणि तोड आठ दिवस पुढे गेली. पक्व झालेला ऊस रानात उभा राहिला की वजन घटते, उतारा घटतो आणि पुढचा खोडवाही मागे पडतो. हे सारे एका नावाअभावी झाले. म्हणून ही माहिती देत आहोत.

नंबर राहतात कोठे?

आपण फोनात नाव घालतो तेव्हा ते तीनपैकी एका ठिकाणी जाते.

१) सिमकार्ड : यात जागा थोडी असते, साधारण २५० नावांची. एका नावापुढे बहुधा एकच नंबर राहतो. नाव लांब असेल तर शेवटची अक्षरे तुटतात, आणि देवनागरीत लिहिले तर आणखी कमी अक्षरे मावतात. शिवाय सिम हरवले तर कंपनी त्याच नंबरचे दुसरे सिम देते, पण ते कोरे असते. जुन्या सिममधली नावे त्यात येत नाहीत.

२) फोनची मेमरी : यात जागा भरपूर असते. पण फोन विहिरीत पडला, फुटला किंवा बाजारात चोरीला गेला, की नावेही त्याच्याबरोबर जातात.

३) गुगल खाते : स्मार्टफोन चालू करताना जो ई-मेल पत्ता घालतो ते हे खाते. यातली नावे गुगलच्या संगणकांवर राहतात. फोन कोणताही असो, तेच खाते उघडले की नावे पुन्हा दिसतात. एका खात्यात २५,००० पर्यंत नावे मावतात आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

आपली नावे कोठे आहेत ते पाहायचे असेल तर एखादे नाव उघडून 'एडिट' दाबावे. बहुतेक फोनांत वरच्या बाजूला 'सिम', 'डिव्हाइस' किंवा ई-मेल पत्ता लिहिलेला दिसतो. आमचा अनुभव असा, की बहुतेक सभासदांची नावे तिन्ही ठिकाणी विखुरलेली असतात. काही सिमवर, काही फोनात, काही खात्यात. म्हणून नव्या फोनवर 'निम्मी आली, निम्मी आली नाहीत' असे होते.

सिंक म्हणजे काय?

दुकानदार म्हणतो, 'सिंक करून देतो.' हा शब्द नीट समजून घेणे जरूर आहे.

सातबाऱ्याची झेरॉक्स काढली तर ती त्या दिवसाची नक्कल असते. उद्या फेरफार झाला तरी आपल्या हातातील कागद बदलत नाही. सिंक तसे नाही. सिंक म्हणजे मूळ दप्तराशी जोडलेला उतारा. दप्तरात नोंद बदलली की उतारा बदलतो, आणि आपण आपल्या फोनवर बदल केला तर तो थेट दप्तरात जातो.

यात फायदा आहे तसा धोकाही आहे. एकच खाते दोन फोनांवर चालू असेल आणि एका फोनवरून नाव पुसले, तर ते दुसऱ्या फोनवरूनही जाते. 'जुन्या फोनवरची नावे पुसून मग तो पोराला दिला' असे करणारे सभासद नव्या फोनवरची नावेही घालवून बसतात. असे झालेच तर घाबरू नये. गुगल खात्यातील पुसलेली नावे ३० दिवस कचरापेटीत राहतात, तेथून परत घेता येतात. ३० दिवसांनंतर मात्र इलाज नाही.

जुना फोन हातात असतानाच करावयाची कामे

१) फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट' किंवा 'गुगल' उघडून खात्याचा ई-मेल पत्ता पाहावा. तो कागदावर लिहून घ्यावा. पासवर्ड आठवत नसेल तर आत्ताच नवा घालावा. जुन्या फोनवर खाते उघडे असते तोवर हे काम सोपे, फोन गेल्यावर अवघड. खात्याला आपला चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे ना, तेही पाहावे.

२) सिमवरची नावे खात्यात घ्यावीत. 'कॉन्टॅक्ट्स' उघडून 'इम्पोर्ट' हा पर्याय शोधावा, त्यात 'सिम' निवडावे, आणि कोठे साठवायचे असे विचारले की गुगल खाते निवडावे.

३) फोनच्या मेमरीतली नावे खात्यात घ्यावीत. सेटिंग्जमध्ये गुगलच्या खाली कॉन्टॅक्ट्सचे सिंक असते. तेथे डिव्हाइसवरील नावेही सिंक करण्याचे बटण आहे, ते चालू करावे. फोनागणिक जागा थोडी इकडेतिकडे असते. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'सिंक' लिहिले की सापडते.

४) इंटरनेट चालू ठेवून काही वेळ थांबावे. मग दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर कॉन्टॅक्ट्स डॉट गुगल डॉट कॉम येथे आपले खाते उघडून नावे आली का ते डोळ्यांनी पाहावे. मुकादम, बँक, डॉक्टर अशी दहा नावे शोधून पाहिली तरी खात्री होते. दुसऱ्याच्या फोनवर खाते उघडले असेल तर काम झाल्यावर ते बंद करण्यास विसरू नये.

५) शेवटी एक झेरॉक्सही काढून ठेवावी. 'कॉन्टॅक्ट्स'मध्ये 'एक्स्पोर्ट' दाबले की सर्व नावांची एक फाईल तयार होते. तिच्या नावाशेवटी व्हीसीएफ अशी अक्षरे असतात. ती मेमरी कार्डावर किंवा घरच्या विश्वासू माणसाच्या फोनवर ठेवावी. पुढे कधी ती फाईल उघडली की नावे पुन्हा फोनात घेता येतात.

नव्या फोनवर

येथे सर्वांत मोठी चूक दुकानातच होते. गर्दीत दुकानातला पोरगा विचारतो, 'खाते आहे का?' आपण म्हणतो, 'आठवत नाही.' तो दोन मिनिटांत नवे खाते काढून फोन चालू करून देतो. पासवर्ड त्याच्याच मनातला. नवे खाते म्हणजे कोरे दप्तर. तेथे जुनी नावे येणार कोठून? म्हणून दुकानात जाताना खात्याचा कागद खिशात असावा, खाते जुनेच घालावे आणि पासवर्ड स्वतःच्या हाताने घालावा.

नवा फोन पहिल्यांदा चालू होताना 'जुन्या फोनमधून माहिती घ्यायची का?' असे विचारतो. दोन्ही फोन जवळ असतील तर 'होय' म्हणावे. केबलने किंवा वायफायवरून माहिती जाते. ते त्या वेळी राहून गेले तरी बिघडत नाही. नावे खात्यात असली म्हणजे खाते घातल्यावर ती आपोआप येतात. आली नाहीत तर तीन गोष्टी पाहाव्यात : इंटरनेट चालू आहे का, खात्याच्या खाली कॉन्टॅक्ट्सचे सिंक चालू आहे का, आणि खाते तेच आहे का.

आयफोन घेणाऱ्या तरुण सभासदांनी सेटिंग्जमध्ये आपले गुगल खाते जोडून त्यातील 'कॉन्टॅक्ट्स' चालू करावे, म्हणजे तीच नावे तेथेही येतात.

एकच नाव दोन-तीनदा दिसू लागले तर हाताने पुसत बसू नये. कॉन्टॅक्ट्समध्ये दुहेरी नावे एकत्र करण्याची सोय आहे. ती 'मर्ज' या शब्दाखाली सापडते.

बटणाच्या फोनवरून येताना

आपल्याकडे अजून पुष्कळ वडीलधाऱ्यांकडे बटणाचे फोन आहेत. त्यातून नावे नेण्याचा सरळ मार्ग म्हणजे ती आधी सिमवर कॉपी करणे, सिम नव्या फोनात घालणे आणि तेथून गुगल खात्यात इम्पोर्ट करणे. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बटणाच्या फोनातील सिम मोठे असते, स्मार्टफोनला लहान लागते. लहान सिमसाठी कंपनीच्या दुकानात गेलात तर हाती कोरे सिम येते. म्हणून सिम बदलण्याआधी जुन्या सिमवरची नावे कोणाच्या तरी स्मार्टफोनात सिम घालून आपल्या खात्यात घेऊन ठेवावीत, किंवा निदान वहीत उतरवावीत.

खाते कोणाचे?

पुष्कळ घरी वडिलांच्या फोनवर मुलाचेच खाते असते. मग मुलाचे पुण्यातले मित्र वडिलांच्या यादीत आणि मुकादम मुलाच्या यादीत, अशी सरमिसळ होते. मुलाने एक दिवस 'ही अनोळखी नावे कोणाची?' म्हणून साफसफाई केली की वडिलांची यादी रिकामी होते. जमीन ज्याच्या नावावर त्याचा सातबारा वेगळा, तसे प्रत्येक फोनधारकाचे खाते वेगळे असावे. घरातील महिला सभासदांचेही खाते त्यांच्याच नावाचे असावे. ई-मेल पत्ता आणि पासवर्ड लिहिलेला कागद शेअर सर्टिफिकेटच्या फाईलमध्ये ठेवावा. तसेच, दोन वर्षे अजिबात न वापरलेली खाती बंद करून आतील मजकूर काढून टाकण्याचा नियम गुगलने २०२३ साली केला आहे. तेव्हा जुन्या, पडून राहिलेल्या खात्यावर विसंबू नये.

नाव घालताना

नुसते 'मुकादम' असे चार ठिकाणी लिहिले तर ऐन वेळी गोंधळ होतो. काम, गाव आणि हंगाम असे लिहावे. उदाहरणार्थ, 'मुकादम पाटोदा' आणि पुढे हंगामाचे वर्ष. मुकादमांचे व वाहनचालकांचे नंबर पुष्कळदा बदलतात. वर्ष लिहिलेले असले की जुना कोणता, नवा कोणता हे कळते.

जुना फोन देण्याआधी

नव्या फोनवर सर्व नावे आली याची खात्री होईपर्यंत जुना फोन देऊ नये. मग सिम व मेमरी कार्ड काढावे, सेटिंग्जमधून गुगल खाते काढून टाकावे आणि शेवटी 'फॅक्टरी रीसेट' करावे. नावे एकेक करून पुसू नयेत, कारण वर सांगितलेच आहे. खाते न काढता रीसेट केले तर फोन घेणाऱ्यालाही तो आपल्या पासवर्डशिवाय उघडताना अडचण येऊ शकते. व्हॉट्सॲपमधील संभाषणे व फोटो यांचा बॅकअप वेगळा असतो; तो व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधून घ्यावा लागतो.

फोन हरवला तर प्रथम सिम बंद करावे, पोलिसांत तक्रार द्यावी, आणि केंद्र सरकारच्या २०२३ साली सुरू झालेल्या संचार साथी पोर्टलवर फोन बंद करण्याची नोंद करावी. बँकेतील पैशाबाबत फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

दोन शब्द शेवटी

फोन बदलला आणि सिम तेच राहिले, तर कारखान्याला काही कळविण्याचे कारण नाही. पण मोबाईल नंबरच बदलला, तर तसा लेखी अर्ज गट कार्यालयात द्यावा आणि बँकेतही कळवावे. नाहीतर तोडीचा, वजनाचा आणि बिलाचा मेसेज जुन्याच नंबरवर जात राहील.

आणि एवढे सगळे करूनही दहा महत्त्वाचे नंबर वहीत लिहून ठेवावेत. फडात चार्जिंग संपले की दुसऱ्याच्या फोनवरून लावायला तीच वही उपयोगी पडते.

हे सारे काम एका संध्याकाळचे आहे. ते हंगामाच्या आधी उरकावे. अडचण आल्यास जुना आणि नवा असे दोन्ही फोन घेऊन गट कार्यालयात यावे, आमचे कर्मचारी दाखवून देतील. पासवर्ड किंवा ओटीपी मात्र आमच्या माणसालाही सांगू नये. तो आपला आपणच घालावा.

— ऊस विकास अधिकारी