दोनशे तासांची मैत्री

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेतील विद्यापीठे पुन्हा गजबजू लागली, तेव्हा तिथल्या 'सोरॉरिटी'समोर एक वेगळाच पेच उभा राहिला. नव्या मुलींना रीतिरिवाज शिकवायचे ते दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी. पण त्यांचे स्वतःचे पहिले वर्ष लॅपटॉपच्या पडद्यापुढे गेलेले. तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी मार्च २०२० पर्यंतचे जेमतेम काही महिने पाहिलेले. पूर्ण वर्ष अनुभवलेल्या फक्त शेवटच्या वर्षाच्या, आणि त्याही वर्षभरात निघून जाणार. म्हणजे निम्म्या मुलींना आपली संस्था प्रत्यक्षात चालते कशी, हेच ठाऊक नव्हते.

सोरॉरिटी म्हणजे महाविद्यालयीन मुलींचे भगिनीमंडळ. 'सोरॉर' या लॅटिन शब्दाचा अर्थ बहीण. जॉर्जिया राज्यातील मेकन गावच्या वेस्लियन कॉलेजात १८५१ मध्ये अशा मंडळांची सुरुवात झाली. बहुतेकांची नावे ग्रीक अक्षरांवरून असतात. कमला हॅरिस ज्या मंडळाच्या सदस्य आहेत, ते 'अल्फा कप्पा अल्फा' १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी स्थापन केले. दक्षिण आशियाई मुलींसाठी 'डेल्टा फाय ओमेगा' हे मंडळ १९९८ मध्ये ह्यूस्टनला सुरू झाले. एकेका विद्यापीठातील शाखेला 'चॅप्टर' म्हणतात. दर आठवड्याला बैठक, एकत्र जेवण, देणगी गोळा करण्याचे उपक्रम आणि नव्या मुलीला वाटाड्या म्हणून एक 'थोरली बहीण', असा हा संसार असतो. अनेक चॅप्टरच्या मुली एकाच घरात राहतात.

साथीच्या काळात नेमकी हीच जवळीक धोक्याची ठरली. आर्कान्सामधील एका विद्यापीठात ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये दोन-अडीच आठवड्यांत ९६५ रुग्ण आढळले. त्यांतील ३१ टक्के जणांनी आपण या मंडळांच्या किंवा मुलांच्या 'फ्रॅटर्निटी'च्या कार्यक्रमांत सहभागी असल्याचे सांगितले. साखळी शोधताना समोर आलेल्या ५४ मेळाव्यांपैकी ४९ याच मंडळांचे किंवा त्यांच्या सदस्यांचे होते. त्यामुळे बैठका, मुलाखती, निरोप समारंभ असे सगळेच झूमवर गेले.

पडद्यावर काय हरवले?

बैठका तर नियमित होत होत्या. मग अडले कुठे? कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या २०१८ मधील अभ्यासात याचे उत्तर सापडते. नव्या गावी राहायला आलेली माणसे आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी यांच्याकडून त्यांनी मैत्रीचा हिशेब मांडला. ओळखीचे रूपांतर जुजबी मैत्रीत व्हायला सुमारे ५० तास लागतात, खऱ्या मैत्रीला ९० आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक. आठवड्याला एक तास याप्रमाणे तीस आठवड्यांच्या शैक्षणिक वर्षात तीसच तास होतात. म्हणजे वर्षभर एकही बैठक न चुकवणारी मुलगीसुद्धा पहिल्या पायरीपर्यंत पोहोचत नाही.

शिवाय सगळे तास सारखे नसतात. केवळ कामानिमित्त एकत्र घालवलेला वेळ मैत्रीच्या खात्यात फारसा जमा होत नाही. जमा होतात ते गप्पा, थट्टामस्करी, खेळ आणि नुसते सोबत बसणे. ऑनलाइन बैठकीत विषयपत्रिका पुरी व्हायची आणि खिडकी बंद व्हायची. बैठकीनंतर स्वयंपाकघरात रेंगाळणे त्यात नव्हते.

पडद्याचा शीणही वेगळा. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची चार कारणे मांडली: सतत अगदी जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणे, एका जागी जखडून बसणे आणि हावभाव ओळखण्यासाठी मेंदूला पडणारे जादा कष्ट. हा थकवा स्त्रियांना अधिक जाणवतो, असेही त्याच विद्यापीठातील पुढच्या अभ्यासात दिसले.

संगतीची ओढ शरीरालाही असते. एमआयटीतील संशोधकांनी ४० जणांना दहा तास एकटे ठेवले आणि नंतर लोक एकत्र रमल्याची चित्रे दाखवली. उपाशी माणसाला अन्नाचे चित्र दाखवल्यावर मध्यमेंदूचा जो भाग चेततो, तोच इथेही चेतला. १४८ अभ्यासांचा २०१० मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा ज्यांचे नातेसंबंध भक्कम, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले.

परतीचे वर्ष

तरीही दरवाजे उघडताच सगळे पूर्ववत झाले नाही. शरद ऋतूत अनेक ठिकाणी निवडीची पहिली फेरी ऑनलाइनच राहिली आणि पुढच्या फेऱ्या मास्क लावून झाल्या. डिसेंबरमध्ये ओमायक्रॉन आला आणि अनेक विद्यापीठांनी जानेवारी २०२२ ची सुरुवात पुन्हा पडद्यावर केली. वसंतात मात्र वार्षिक नृत्यसमारंभ आणि मदतनिधीचे कार्यक्रम पुन्हा रंगू लागले.

या वर्षात अनेकींना गर्दीत अवघडल्यासारखे झाले, तर त्यात नवल नाही. जे टाळावे त्याची भीती टिकून राहते, हा चिंताविकारांच्या उपचारातला मूलभूत धडा आहे. त्यावरचा उपायही ठरलेला: थोडे थोडे, पण पुन्हा पुन्हा सामोरे जाणे. आणखी एक गोष्ट दिलासा देणारी. नव्या माणसाशी बोलून झाल्यावर 'आपण त्याला फारसे आवडलो नसू' असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात समोरच्याला आपण वाटतो त्याहून जास्त आवडलेले असतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये हा गैरसमज कित्येक महिने टिकलेला दिसला.

अर्थात एकत्र येणे म्हणजे सगळे गोडच असते असे नाही. याच व्यवस्थेत अतिमद्यपान होते, 'हेझिंग' नावाची रॅगिंगसारखी छळवणूक होते आणि कोणाला घ्यायचे, कोणाला नाही यातून मने दुखावतात. फेब्रुवारी आणि मार्च २०२१ मध्ये दोन विद्यापीठांत फ्रॅटर्निटीच्या कार्यक्रमांत बेसुमार दारू पाजल्याने दोन तरुणांचा जीव गेला. म्हणूनच आरोग्याच्या दृष्टीने प्रश्न केवळ 'भेटा' एवढा नाही. नकार देता येईल आणि तरीही आपले स्थान राहील, अशी संगत हवी.

हा हिशेब अमेरिकेपुरता नाही. आपल्याकडचे ढोल-ताशा पथक, एकांकिकेच्या तालमी, वसतिगृहाचा कट्टा हे सगळे तास जमवण्याचेच मार्ग. अमेरिकन सर्जन जनरलच्या २०२३ च्या अहवालानुसार १५ ते २४ वयोगटातील मुले मित्रांसोबत प्रत्यक्ष घालवत असलेला वेळ २००३ मध्ये रोज सुमारे १५० मिनिटे होता. २०२० मध्ये तो ४० मिनिटांवर आला. ही घसरण साथीच्या आधीच सुरू झाली होती. शिक्षणासाठी घराबाहेर पडलेली मुलगी पहिल्या सहामाहीत 'इथे माझे कोणीच नाही' म्हणाली, तर तिच्या स्वभावात खोट शोधू नये. तिचे तास अजून भरलेले नाहीत. एखादा गट निवडून दर आठवड्याला तिथे जाणे आणि काम संपल्यावरही थोडे रेंगाळणे, एवढ्याने सुरुवात होते. मात्र उदासी, झोपेची तक्रार किंवा खाण्यावरून मन उडणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर मैत्रिणींची वाट न पाहता समुपदेशक किंवा डॉक्टरांना भेटायला हवे.