थायरॉईड झाला, मग बाजरीची भाकरी सोडायची का?

वस्तीत 'मला थायरॉईड झालाय' असे सांगणाऱ्या बायाबापड्या आता बऱ्याच भेटतात. रिपोर्ट हातात पडला की औषधाच्या आधी पथ्याची यादीच घरी पोहोचते. जाऊबाई सांगते कोबी-फ्लॉवर बंद कर, शेजारीण सांगते सोयाबीन बंद कर, आणि हल्ली मोबाईलवर कोणीतरी सांगून जाते की बाजरी म्हणजे तर विषच. नगर जिल्ह्यात बाजरी बंद करायची म्हणजे थंडीतले अर्धे जेवणच बंद करायचे! म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर याच प्रश्नाकडे पाहू.

आधी एक गोष्ट. थायरॉईड हे आजाराचे नाव नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली ती एक छोटी ग्रंथी आहे आणि ती प्रत्येकाला असते. तिच्यातून निघणाऱ्या हार्मोनवर शरीराचा वेग ठरतो. हार्मोन कमी पडला की सारखा थकवा येतो, पोट साफ होत नाही, थंडी जास्त वाजते, केस गळतात, तोंडावर सूज दिसते, पाळी बिघडते, वजन थोडे वाढते. रक्ताच्या तपासणीत तेव्हा बहुधा टीएसएच वाढलेला दिसतो. हा लेख या मंदावलेल्या थायरॉईडबद्दल आहे. ज्यांचा थायरॉईड जास्त काम करतो, त्यांनी हे स्वतःला लावून घेऊ नये.

आता बाजरी. तिच्यावरचा आरोप अगदीच खोटा नाही. आफ्रिकेतल्या सुदान देशात दारफूर नावाचा भाग आहे. तिथे गलगंडाचे रुग्ण खूप होते. बाजरीतले काही घटक थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात, असे तिथल्या बाजरीवरच्या १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. पण तिथल्या गरीब माणसांचे जवळजवळ सगळे पोट बाजरीवरच होते आणि अन्नात आयोडीनही कमी होते. आपल्या ताटात बाजरीबरोबर ज्वारी असते, रेशनचा गहू-तांदूळ असतो, डाळ असते आणि मीठ आयोडीनचे असते. शिवाय गोळी चालू असेल तर शरीराला हार्मोन तयारच मिळतो. त्यामुळे एक वेळ बाजरी, एक वेळ ज्वारी असे खाल्ले तर घाबरण्यासारखे काही नाही.

उलट बाजरी सोडून तोटा होण्याची शक्यता जास्त. ग्रंथीला हार्मोन बनवायला आयोडीन लागते तसे लोहही लागते, आणि आपल्या बायकांच्या अंगात रक्त कमी असणे ही जुनीच तक्रार आहे. बाजरीत लोह चांगले असते. आपल्याच जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संस्थेबरोबर जास्त लोहाचे 'धनशक्ती' हे बाजरीचे वाण काढले. ज्यांच्याकडे थोडीफार जमीन आहे त्यांनी पेरणीच्या वेळी त्याची चौकशी करावी. भाकरीबरोबर लिंबू पिळलेली मटकीची उसळ किंवा हिरवी मिरची-कांदा असला की ते लोह अंगाला जास्त लागते.

कोबी-फ्लॉवरचेही तसेच आहे. शिजवून, आठवड्यातून दोन-तीनदा भाजी खाल्ली तर काही बिघडत नाही. सोयाबीनच्या वड्या स्वस्त आहेत, त्यातून मुलांना प्रथिने मिळतात, त्या घरातून काढून टाकू नका. फक्त गोळीच्या वेळेपासून त्या लांब ठेवा, कारण सोयाबीनमुळे गोळी अंगात कमी शोषली जाते.

मिठाचे मात्र नीट पाहा. आताच्या हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनचे मीठ देऊन पाहिले आणि तिथला गलगंड कमी झाला. पुढे १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. पिशवीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलेले मीठच घ्यावे. सुटे खडेमीठ आणि सैंधव यांत बहुधा पुरेसे आयोडीन नसते. मिठाची बरणी झाकून, चुलीच्या धगीपासून दूर ठेवावी. पण जास्त मीठ खाऊन किंवा आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या घेऊन मंदावलेला थायरॉईड बरा होत नाही. आयोडीनचे मीठ घरोघर असतानाही जो थायरॉईड मंदावतो, त्यात बहुतेक वेळा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. तिथे भाजीपाला, काढा, पावडर यांचा इलाज चालत नाही. 'थायरॉईड मुळासकट घालवू' म्हणून विकले जाणारे डबे घेण्यापेक्षा तेच पैसे अंडी आणि डाळीवर घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरे पथ्य आहे ते गोळीच्या वेळेचे. ही गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास एक तास, काही खायचे-प्यायचे नाही. चहासुद्धा नाही! आपल्याकडे नेमके इथेच चुकते. उठल्याबरोबर चहा-बटर आणि त्याच घोटाबरोबर गोळी, मग वर्षभर औषध खाऊनही टीएसएच उतरत नाही. लोहाची लाल गोळी, कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीचे औषध यांच्यात आणि या गोळीत ४ तासांचे अंतर ठेवावे. थायरॉईडची सकाळी, लोहाची दुपारी जेवणानंतर, असे ठरवून टाकले की विसरायला होत नाही.

ज्यांना पहाटेच खुरपणीला किंवा धुण्याभांड्याच्या कामाला निघायचे असते, त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी रात्री घ्यावी, जेवणानंतर ३ तासांनी. उपोसथाच्या दिवशी दुपारनंतर जेवण नसले तरी गोळी चुकवू नये. आठ शीले पाळताना औषधाला मनाई नाही.

पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. टोळी पाच-सहा महिने गावाबाहेर असते, गोळ्या मध्येच संपतात आणि फड सोडून दवाखान्यात जाणे होत नाही. चार-आठ दिवस गोळी बंद राहिली तरी लगेच त्रास जाणवत नाही, कारण हा हार्मोन अंगातून हळूहळू कमी होतो. त्यामुळे 'गोळीशिवायही बरे वाटते की' असे समजून ती कायमची सुटते. मग दोन महिन्यांनी पुन्हा तोच थकवा. म्हणून निघण्याआधीच पूर्ण हंगामाच्या गोळ्या लिहून घ्याव्यात, जेनेरिकच्या दुकानात भाव विचारावा आणि कोपीत त्या उन्हापासून, ओलीपासून दूर डब्यात ठेवाव्यात.

गरोदरपणात तर ही गोळी बंद करूच नये. कितीतरी सासवा काळजीपोटीच सुनेला 'पोटात बाळ आहे, गोळ्या खाऊ नको' म्हणतात. पण पहिले तीन-चार महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर चालते, आणि या काळात डोस बहुधा वाढवावा लागतो. पाळी चुकली की त्याच आठवड्यात आशाताईला किंवा डॉक्टरांना सांगावे.

बाकी जेवण घरचेच. हुलग्याचे शेंगोळे, मटकी, शेपू-मेथी, अंडी, परवडेल तेव्हा सुकट-बोंबील किंवा कलेजी. पोट साफ होत नसेल तर पाणी आणि भाकरी-पालेभाजी वाढवा, खारी-फरसाण कमी करा. वजनासाठी उपाशी राहू नका. डोस बरोबर बसला की थोडे उतरते, उरलेल्यासाठी चालावे लागते.

डोस बदलला किंवा गोळीची कंपनी बदलली तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून घ्यावा. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी तसे सांगावे, त्यांनी रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. आणि छातीत धडधड होऊ लागली तर वाट न पाहता गोळी दाखवून डोस विचारून घ्यावा.