गोठ्यातली फियाट आणि सरांचा खोकला

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक निवृत्त शिक्षक सकाळी दहाच्या सुमारास दवाखान्यात आले. आले म्हणजे शेजारच्या मुलाने त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून आणले. सरांना धड बोलता येत नव्हते, खोकला थांबत नव्हता आणि शर्टाला पेट्रोलचा वास येत होता. काय झाले ते त्या मुलानेच सांगितले. सरांच्या जुन्या फियाटच्या कार्बोरेटरमध्ये घालायला थोडे पेट्रोल हवे होते. याच्या मोटारसायकलच्या टाकीत नळी घातली, दुसरे टोक सरांनी तोंडात धरून ओढले आणि एक घोट घशात गेला.

नळीने पेट्रोल ओढणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक प्रकार आहे. ‘जरासे तोंडात गेले, चूळ भरली, झाले’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. बहुतेकांचे खरोखरच तेवढ्यावर निभावते, म्हणून ही खोड जात नाही. पण पेट्रोल पोटात गेले त्यापेक्षा ठसका लागून श्वासनलिकेत गेले तर जास्त वाईट. ते पाण्यापेक्षाही पातळ असते. चमचाभर जरी आत उतरले तरी फुफ्फुसात झपाट्याने पसरते आणि तिथे जंतूंशिवायच न्यूमोनिया होतो. घरच्यांनी मीठपाणी पाजून उलटी करवली की उरलेले पेट्रोल वर येता येता पुन्हा श्वासनलिकेत जाते. म्हणून वाचकहो, एवढे ध्यानात ठेवा : पेट्रोल, रॉकेल, थिनर पोटात गेल्यास उलटी करवायची नाही, दूधही पाजायचे नाही. भिजलेले कपडे काढायचे, अंग साबणाने धुवायचे आणि खोकला किंवा धाप असेल तर सरळ रुग्णालय गाठायचे. सुरुवातीला माणूस ठीक वाटला तरी काही तासांनी ताप चढतो. सरांना तसाच चढला. त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागले, चार दिवस ऑक्सिजन लागला. पेट्रोल काढायचा रबरी फुग्याचा हातपंप बाजारात किरकोळ किमतीत मिळतो.

सर घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन. ‘डॉक्टर, बाबांना तुम्ही सांगा. ते डबडे भंगारात घाला म्हणावे. तुमचे ऐकतील.’

मुलाची काळजी खोटी नव्हती. पण मला दुसरीही बाजू माहीत होती. दोन वर्षांपूर्वी सरांची पत्नी गेली, तेव्हापासून सर दर पंधरा दिवसांनी माझ्याकडे यायचे. कधी झोप नाही, कधी छातीत धडधड, कधी भूक नाही. तपासण्या सगळ्या ठीक. मग एके दिवशी यायचे बंद झाले. चौकशी केली तेव्हा कळले की वडिलांच्या वेळची १९७६ची पद्मिनी सरांनी गोठ्यातून उघडी केली आहे. पेन्शनमधून महिन्याला ठरावीक रक्कम काढायची आणि तेवढ्यातच काम करायचे. एका महिन्यात चाकांचे बेअरिंग, एका महिन्यात वायरिंग. मुंबईला कुणी जाणार असेल तर त्याच्याजवळ कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणायच्या सुट्या भागांची चिठ्ठी द्यायची. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी, तिचे भाग आता कुर्ल्याच्याच भंगारात शोधायचे! मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, त्यामुळे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ. पण सरांची झोप परत आली होती. ती मी औषधाने आणू शकलो नव्हतो.

तेव्हा गाडी विका असे मी सांगितले नाही. एका रविवारी त्यांच्याकडे गेलो आणि गोठा पाहिला. पाहिला ते बरे झाले.

गाडीचे पुढचे चाक काढलेले होते आणि ती गाडीतल्याच जॅकवर उभी होती. सर रोज तिच्याखाली झोपून काम करीत होते. हा जॅक पंक्चर चाक बदलण्यापुरता असतो. शेणाने सारवलेल्या मऊ जमिनीत तो एका अंगाने बसतो, कलतो आणि निसटतो. पद्मिनीचे वजन नऊशे किलोच्या आसपास. छातीवर एवढे वजन आले तर हाडे मोडतात हा पुढचा भाग, आधी श्वासच घेता येत नाही. गाडी उचलायला जॅक आणि ठेवायला लोखंडी स्टँड, असा साधा नियम आहे. स्टँडखाली जाड फळी हवी, जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे हवेत. विटा किंवा चिरे रचून त्यावर गाडी ठेवू नये, ते एकदम फुटतात. आणि गाडीखाली शिरताना घरात दुसरे माणूस हवे. एकट्याने राहणाऱ्यासाठी हे शेवटचे सर्वांत कठीण, म्हणून शेजारच्या मुलाशीच बोलून ठेवले.

दुसरी गोष्ट ब्रेकची. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम उघडला की आत काळसर भुकटी साचलेली असते आणि आपले मेस्त्री ती फुंकून किंवा हवा मारून उडवतात. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचे. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुफ्फुसात गेले की तिथेच राहतात आणि आजार वीस-तीस वर्षांनी उद्भवतो. सर हसून म्हणाले, ‘माझे वय ६८. वीस वर्षांनी कोण विचारतो?’ मी म्हटले, तुम्हाला नाही, पण सुटीत नातवंडे इथेच खेळतात ना? ड्रम पाण्याने चांगला भिजवून ओल्या फडक्याने पुसावा, फडके पिशवीत बांधून टाकावे आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. जुना रंग घासतानाही तेच. त्यात शिसे असू शकते, म्हणून कोरडा न घासता वॉटर पेपरने ओला घासावा. इंजिनचे हेड उघडून कार्बन खरवडताना तोंडावर चांगला मास्क हवा. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० सालापर्यंत मिळत होते आणि ही गाडी तेव्हा वीस-बावीस वर्षे धावलेली होती.

रंगाची फवारणी मात्र घरी करूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. हार्डनर मिसळलेल्या रंगातील रसायनांनी आयुष्यभराचा दमा जडतो, कापडी मास्क तिथे उपयोगाचा नाही. घासणे, लांबी भरणे, प्रायमरपर्यंतची मेहनत स्वतः करा, पैसे तिथे वाचवा आणि शेवटचा हात रंगाऱ्याकडे. पेट्रोलची टाकी गळत असेल तर तीही घरी वेल्डिंगने जोडू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ असते.

राहिला गोठा. मागच्या सीटच्या कापसात उंदरांचे घरटे होते. कोकणात राहणाऱ्यांना लेप्टोबद्दल वेगळे सांगायला नको. उंदरांच्या मुताने ओली झालेली घाण उघड्या, कापलेल्या हातांनी काढू नये. हातमोजे घालावेत, आधी ब्लीचिंगचे पाणी शिंपडावे. अशा कामानंतर काही दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना ‘मी गोठा साफ केला होता’ हे आठवणीने सांगावे. नुसता ताप सांगितला तर निदानाला उशीर होतो. धनुर्वाताचेही असेच. लोक गंजाला घाबरतात, पण जंतू असतात माती आणि शेणात. गोठ्यात पत्रा लागला की दोन्ही एकदम. दहा वर्षांत इंजेक्शन झाले नसेल तर काम सुरू करण्याआधीच घ्यावे. सरांना आठवत नव्हते, म्हणून तिथल्या तिथे सोमवारचे बोलावणे केले.

दिवाळीच्या आदल्या दिवशी दवाखान्यासमोर हॉर्न वाजला. पांढरी पद्मिनी, पुढे सर, मागे दोन नातवंडे. पेशंट बाकावरून उठून बाहेर आले. मीही गेलो, गाडीभोवती फिरलो, स्टेअरिंगजवळचा गिअर टाकून पाहिला. मग धाकटा नातू म्हणाला, ‘डॉक्टरकाका, माझे डोके दुखतेय, ओकारी येतेय.’ थोरलीचेही दुखत होते. सर म्हणाले, घाटातल्या वळणांमुळे असेल.

एकाच गाडीतल्या दोघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले की मला वळणांवर भरवसा ठेवता येत नाही. मागच्या पायाशी पायपुसणे उचलले. खाली पत्रा गंजून रुपयाएवढे भोक पडले होते आणि त्याच्या बरोबर खाली सायलेन्सरचा सांधा फुटलेला. थंडीमुळे काचा बंद होत्या. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या बोटावरच्या यंत्राने मी सहज मोजले, आकडा ९८. इथे हे यंत्र फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते. शहाणपण आकड्यात नसून डोकेदुखीत होते.

मुलांना ऑक्सिजन लावून दोन तास खोलीत निजवले, पुढे रक्त तपासायला जिल्ह्याला नेले. दोघेही ठणठणीत आहेत. सरांचा चेहरा मात्र इतका उतरला की त्यांचाच रक्तदाब मोजावा लागला. गाडी त्यांनी परत नेली ती चारही काचा खाली करून, एकट्याने. तळाचा पत्रा आणि सायलेन्सर, हे जानेवारी-फेब्रुवारीच्या पेन्शनचे काम ठरले आहे. तोवर ती गोठ्यात स्टँडवर आहे आणि इंजिन सुरू करायचे झाल्यास आधी ढकलून अंगणात काढली जाते.