नळाच्या मागचा हिशेब

पैठणचं जायकवाडी धरण भरलं की दरवाजे उघडल्याचा फोटो मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो. धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी. तिथून चाळीसेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर आहे. या शहरातल्या कित्येक वसाहतींना, धरण काठोकाठ भरलेल्या वर्षीही, आठवड्यातून एकदा पाणी मिळत आलं आहे. पाणी आहे, धरण आहे, सरकारी मंजुऱ्यांच्या फायलीही आहेत. तरी नळ कोरडा का, हे शोधायचं असेल तर ढगांकडे पाहून चालत नाही, हिशेबाच्या वह्या उघडाव्या लागतात.

सतराव्या शतकात मलिक अंबरने या शहराला पाणी दिलं ते नहरीतून. ते उताराने वाहत यायचं. त्याला पंप नव्हता, विजेचं बिल नव्हतं. जायकवाडी मात्र शहराहून बरंच सखल आहे. तिथलं पाणी पंपाने वर चढवावं लागतं आणि मीटर अहोरात्र फिरत राहतो. बांधण्याचा खर्च एकदाच येतो, चालवण्याचा रोज येतो. आपल्याकडच्या पाणी योजनांचं जवळजवळ सगळं दुखणं या दोन खर्चांच्या फरकात आहे.

याच शहराची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण गेल्या वीस वर्षांतले निधीचे बहुतेक प्रयोग तिथे होऊन गेले. केंद्राच्या लहान-मध्यम शहरांसाठीच्या योजनेतून समांतर जलवाहिनीला मंजुरी मिळाली ती सुमारे ३६० कोटींची. २०११ मध्ये खासगी भागीदारीतून करार झाला तेव्हा आकडा ७९२ कोटींवर गेला होता. २०१४ मध्ये कंपनीने शहराचा पाणीपुरवठा हातात घेतला, २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. मग राज्याच्या नगरोत्थान योजनेतून १,६८० कोटींची नवी योजना आली. तिचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. काम लांबलं, पोलाद महागलं, आणि सुधारित मान्यता घेता घेता खर्च २,७४० कोटींवर पोचला. योजना केंद्राच्या ‘अमृत २.०’ मध्ये वर्ग झाली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला कामाच्या प्रगतीवर देखरेख करावी लागली.

दहा लाखांहून मोठ्या शहरांना ‘अमृत २.०’ मधून केंद्र २५ टक्के देतं. राज्याचा वाटा ४५ टक्के आणि उरलेले ३० टक्के महापालिकेचे. २,७४० कोटींचे ३० टक्के म्हणजे ८२२ कोटी. ज्या महापालिकेला ठेकेदारांची जुनी देणी चुकती करताना धाप लागते, ती ही रक्कम आणणार कुठून? कर्जाशिवाय वाट नव्हती. आणि याच काळात, २०२२ मध्ये, निवडणुकीच्या वाऱ्यात घरगुती पाणीपट्टी वर्षाला ४,०५० रुपयांवरून जवळपास निम्म्यावर आणली गेली. आठवड्यातून एकदा पाणी मिळणाऱ्या माणसाला ४,०५० रुपये जास्त वाटणं स्वाभाविक होतं; त्याचा राग रास्तच होता. पण पट्टी कमी केल्याने पाणी वाढलं नाही. ज्या तिजोरीतून उद्या पंपाचं बिल जायचं आहे, ती मात्र आणखी हलकी झाली.

घटनेच्या सातव्या परिशिष्टात पाणी हा राज्यसूचीतला विषय आहे. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने पिण्याचं पाणी पंचायती आणि नगरपालिकांच्या कामांत आलं. पैसा मात्र दिल्लीतून ठरतो. ही रीत पडली ती १९७२च्या दुष्काळात. १९७२-७३ मध्ये केंद्राने ग्रामीण पाणीपुरवठ्याचा वेगवर्धित कार्यक्रम सुरू केला आणि राज्यांना शंभर टक्के अनुदान दिलं. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण यंत्रणा त्याच सुमारास उभी राहिली आणि खडक फोडून विंधन विहिरी घेण्याचं युग सुरू झालं. पुढे देशभर बसलेल्या ‘इंडिया मार्क २’ हातपंपाची रचना जालना आणि सोलापूरच्या पंपांवरून पुढे आली होती, ही मराठवाडा-सोलापूरकरांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. मूळ प्रश्न तेव्हाही साधा होता: पंप कोण बसवणार याला उत्तर होतं, वॉशर कोण बदलणार याला नव्हतं. हजारो हातपंप पाण्याअभावी बंद पडले नाहीत, दुरुस्तीअभावी पडले.

मग मोठ्या योजनांचा काळ आला. १९७६च्या कायद्याने पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ स्थापन झालं. १९९७ पासून तेच महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. एका उद्भवावरून दहा-वीस-पन्नास गावांना पाणी देणाऱ्या प्रादेशिक नळ योजना उभ्या राहिल्या. कागदावर त्या उत्तम दिसतात. प्रत्यक्षात वाहिनीच्या तोंडाशी असलेल्या गावाला भरपूर पाणी मिळतं, शेपटाच्या गावापर्यंत ते पोचत नाही. म्हणून शेपटाचं गाव पट्टी भरत नाही. एखाद्या गावाला स्वतःची विहीर झाली की ते योजनेतून अंग काढून घेतं. उरलेल्या गावांवर विजेचा बोजा वाढतो, थकबाकी साठते, वीजजोडणी तुटते आणि लाखो-कोटींची योजना गंजत पडते.

हे ओळखूनच १९९९ नंतर धोरण फिरलं. गावाने मागणी करावी, भांडवली खर्चाचा दहा टक्के वाटा लोकवर्गणीतून द्यावा आणि पुढची देखभाल-दुरुस्ती स्वतः करावी, असा विचार आला. २००२च्या ‘स्वजलधारा’त तो होता, जागतिक बँकेच्या कर्जातून २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘जलस्वराज्य’मध्येही होता. तत्त्व म्हणून मला ते आजही पटतं. ज्या गावाने पैसे घातले, ते गाव फुटलेली वाहिनी जास्त दिवस तशीच ठेवत नाही. पण अनेक ठिकाणी लोकवर्गणी ठेकेदारानेच भरली, हे गावोगावचं उघड गुपित आहे. तिथे समिती कागदावर झाली, मालकी ठेकेदाराच्या खिशात गेली.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने आधीच्या सगळ्या योजना आकाराने झाकून टाकल्या. त्या दिवशी देशातल्या १९ कोटींहून अधिक ग्रामीण कुटुंबांपैकी फक्त ३.२३ कोटींच्या घरात नळ होता. एकूण ३.६० लाख कोटींचा आराखडा, त्यात केंद्राचे २.०८ लाख कोटी. महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्र-राज्य निम्मे-निम्मे, आणि माणशी दिवसाला ५५ लिटर. राज्यातल्या सुमारे १.४६ कोटी ग्रामीण घरांपैकी २०१९ मध्ये जेमतेम एक तृतीयांश घरांत नळ होता. पाच वर्षांत ते प्रमाण ८५ टक्क्यांच्या पुढे गेलं. हे काम लहान नाही. हंड्यावर हंडा ठेवून कोस-कोस चाललेल्या बाईच्या दारात तोटी लागणं ही मोठीच गोष्ट आहे आणि तिचं श्रेय निर्मळ मनाने द्यायला हवं.

पण तोटी मोजली गेली. तिच्यातून मे महिन्यात पाणी येतं का, हे त्याच काटेकोरपणे मोजलं गेलं नाही. मिशनचा पैसा विजेच्या बिलाला वापरता येत नाही. तो भार ग्रामपंचायतीवर. पंपचालकाचा पगार, टीसीएल पावडर, जळालेल्या मोटारीचं रिवाइंडिंग, महावितरणचं बिल, सगळं तिच्या गल्ल्यातून. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित केला, त्याचा आधार बराच झाला. तरी हजार-दीड हजार वस्तीच्या गावात पाणीपट्टीची वसुली निम्मी होत असेल, तर सरपंचाने पंप चालू ठेवायचा कसा?

त्यात निधीच आटला. २०२४-२५ साठी अर्थसंकल्पात मिशनला ७०,१६३ कोटी दाखवले होते. सुधारित अंदाजात ते २२,६९४ कोटींवर आले. मुदत २०२८ पर्यंत वाढवून २०२५-२६ साठी पुन्हा ६७,००० कोटी दाखवले गेले. मधल्या काळात महाराष्ट्रात ठेकेदारांची बिलं अडकली, त्यांनी आंदोलनं केली. यातले बरेच जण सोनं गहाण टाकून पहिलं काम घेणारे तालुक्यातले तरुण आहेत. अर्धवट जलकुंभ आणि चर बुजवल्यावर तसेच राहिलेले रस्ते आज कित्येक गावांत दिसतात. पैसा थांबला की काम आहे तिथेच थांबत नाही, ते मागे जातं: उघडा पाइप उन्हात तडकतो, पुढच्या वर्षी दरसूची बदलते, पुन्हा सुधारित मान्यतेची फाईल.

वेळेवर न केलेल्या खर्चाची किंमत लातूरने २०१६ मध्ये पाहिली. मांजरा धरण आटलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणी. त्या रेल्वे कर्मचाऱ्यांना आणि मिरजकरांना सलाम. पण मे महिन्यात रेल्वेने जिल्हा प्रशासनाला सुमारे चार कोटींचं बिल पाठवलं, तेही लक्षात ठेवायला हवं. टंचाई आराखड्यातल्या टँकरला मंजुरी आठवड्यात मिळते. गळती काढण्याच्या प्रस्तावाला वर्षं लागतात.

पुण्यासारख्या सधन महापालिकेने वेगळी वाट धरली. जून २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकून तिने समान पाणीपुरवठा योजनेसाठी पैसा उभा केला. शहर स्वतःच्या पतीवर कर्ज काढतं, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याच वर्षी त्या योजनेच्या निविदा रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या, आणि व्याज तर पहिल्या दिवसापासून सुरू होतं. कर्ज काढण्याची ऐपत आणि काम वेळेत करण्याची ऐपत या दोन्ही जवळ असल्याशिवाय रोख्यांचा मार्ग परवडत नाही.

कराडजवळच्या मलकापूरचं उदाहरण मला या सगळ्यांहून मोलाचं वाटतं. छोटं गाव, जीवन प्राधिकरणाची आखणी, घरोघरी मीटर, आणि जास्त वापराला चढता दर. २००९च्या सुमारास तिथे चोवीस तास पाणी सुरू झालं. मीटर बसल्यावर वापर बेताचा झाला, कारण पाणी साठवून दुसऱ्या दिवशी ओतून द्यायची गरजच राहिली नाही. लोकांनी पट्टी भरली, कारण तोटी उघडल्यावर पाणी येत होतं. क्रम महत्त्वाचा आहे: आधी भरवशाचं पाणी, मग पट्टी. संभाजीनगरच्या नागरिकाकडून आपण उलट्या क्रमाची अपेक्षा करत आलो.

म्हणून शासनाकडे माझं मागणं नेमकं आहे. कोणत्याही पाणी योजनेला प्रशासकीय मान्यता देताना बांधकामाच्या आकड्याशेजारी पुढच्या दहा वर्षांचा चालवण्याचा खर्च छापावा: वीज किती, माणसं किती, दुरुस्ती किती आणि यातलं कोण काय भरणार. तो कागद ग्रामसभेत आणि महापालिकेच्या सभागृहात वाचून दाखवावा. दुबळ्या ग्रामपंचायतींच्या पंपाच्या विजेचा ठरावीक भाग राज्याने दरवर्षी, न मागता उचलावा. टँकरवर जाणाऱ्या पैशातून त्याची सुरुवात करता येईल. आणि ठेकेदाराचं शेवटचं देयक योजनेने एक पूर्ण उन्हाळा पाणी दिल्यानंतरच काढावं, पण त्याआधीची देयकं एक दिवसही अडवू नयेत.