माळवदावर चढणार कोण?

वाचकहो, तुमच्या गावात एक तरी जुना वाडा असेलच. देशमुखांचा, पाटलांचा, कुलकर्ण्यांचा, नाहीतर एखाद्या सावकाराचा. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला तो हौसेने दाखवतो. दिंडी दरवाजा, ढाळजेतले सागवानी खांब, मधला चौक, चौकातला आड. पाहुणा म्हणतो, "काय नशीबवान आहात हो तुम्ही!" मालक नुसता हसतो. त्याच्या डोळ्यांपुढे त्या घडीला माजघराचा गळका कोपरा असतो.

प्रस्तुत लेखक अशाच एका माळवदी वाड्याचा अकराव्या हिश्श्याचा मालक आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला अकरा नावं आहेत. तेव्हा पुढे जे जे चुकलं म्हणून लिहिलं आहे, त्यातलं पुष्कळसं आमच्याच घरी घडलेलं आहे.

आधी वाड्याचं सुख सांगतो, कारण ते खोटं नाही. चैत्र-वैशाखात स्लॅबच्या घरात रात्री बारापर्यंत भिंती तापलेल्या असतात. वाड्यात दुपारी दोनला ढाळजेत पाठ टेकली की डोळा लागतो. अडीच-तीन फूट जाडीची भिंत आणि वर मातीचं माळवद. ऊन आत पोचायला संध्याकाळ होते, तोवर बाहेर वारं सुटतं. चौकातून उजेड येतो, धूर जातो. बळदात टाकलेली ज्वारी वर्षभर टिकते. लग्नकार्याला मंडप कमी पडला तरी माणसं मावतात. शिवाय आजा-पणजाचा हात लागलेली वास्तू म्हटली की गावात चार शब्द बोलायला माणूस मागे सरत नाही. याची किंमत बाजारात होत नाही, पण ती असते.

आता दुसरी बाजू.

माळवद म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं, तुम्हाला नको. खांबावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या नाहीतर चिलपा, त्यावर तुराट्या-पाल्याचा थर आणि सगळ्यांत वर पांढरी माती. दरसाल मृगाच्या आधी वर चढायचं, उगवलेलं गवत मुळासकट काढायचं, घुशीची बिळं बुजवायची, नवी माती पसरून चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. दोन दिवसांचं काम. ते दरसाल झालं तर शे-दीडशे वर्षं घराला काही होत नाही. तीन वर्षं चुकलं की पाणी कडीच्या टोकाशी, म्हणजे कडी भिंतीत शिरते तिथे मुरतं. बाहेरून काही दिसत नाही, आत लाकूड कुजत असतं.

यातच आणखी एक चूक पिढ्यान् पिढ्या होत आली आहे. जुनी माती न काढता नवी टाकायची. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर मातीचा थर म्हणजे शंभर घनफूट माती, कोरडी धरली तरी चार टनांच्या वर. भरलेली एक ट्रॅक्टर ट्रॉली डोक्यावर घेऊन आपण खाली झोपतो. आमच्या वाड्यात नंतर मोजलं तर थर पावणेदोन फूट निघाला.

'नंतर' अशासाठी म्हणतो की, २०२० च्या ऑक्टोबरातल्या पावसात उत्तरेकडचा सोपा बसला. त्याआधी तीन वर्षं आम्ही भावकी एकाच गोष्टीवर भांडत होतो: मातीचे पैसे कोणी द्यायचे? पुण्यातला म्हणे, मी राहत नाही तर मी का देऊ? गावातला म्हणे, हिस्सा सगळ्यांचा आणि खर्च माझा एकट्याचा का? दोघांचंही खरं होतं. पाऊस मात्र कोणाचंच ऐकत नव्हता. थोरले काका त्या रात्री ढाळजेत झोपले होते म्हणून वाचले. रोजची त्यांची बाज सोप्यातच असायची.

माळवदाची भीती आपल्या भागाला कोणी नव्याने सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बोळवून माणसं झोपली होती तेव्हा, किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. बहुतेक दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाखाली दबून गेली. तेव्हापासून 'माळवद म्हणजे मरण' असं समीकरण डोक्यात बसलं, आणि कित्येकांनी चांगले वाडेही पाडून टाकले.

पण त्याच भूकंपात दिसलेली दुसरी गोष्ट फारशी कोणी लक्षात ठेवली नाही. जिथे माळवदाचा भार लाकडी खणांवर, म्हणजे खांब-तुळईच्या सांगाड्यावर होता, तिथे पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या आणि सांगाडा उभा राहिला. जिथे कड्या सरळ भिंतीवर टेकवल्या होत्या, तिथे भिंतीबरोबर छप्पर खाली आलं. त्या भिंतीही पाहा: बाहेरून एक दगडाचा थर, आतून एक, मधे माती आणि खडीचा भराव. दोन्ही थरांना धरणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की दोन्ही थर पुस्तकासारखे उघडतात.

यावर इलाज आहे आणि तो महागडा नाही. भारतीय मानक संस्थेने १९९३ सालीच मातीच्या घरांसाठी १३८२७ आणि दगड-मातीच्या कमी ताकदीच्या बांधकामासाठी १३८२८ या क्रमांकांची मार्गदर्शक मानकं काढली आहेत. दुसऱ्यात सांगितलं आहे की भिंतीत आरपार दगड उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर हवा. जुन्या भिंतीत तो नसेल तर जपून आरपार भोक पाडायचं, वाकवलेली सळई घालायची, काँक्रीट भरायचं. माळवदाची माती आठ इंचांवर आणायची आणि खाली प्लास्टिकचा जाड कागद घालायचा. खांब आणि तुळई मिळतात त्या कोपऱ्यात तिरप्या टेकण्या मारायच्या. आपल्या पंचायत समितीच्या अभियंत्याला हे क्रमांक सांगा. तो नाही म्हणाला तर निदान त्याला ते वाचायला लावा.

सोपा बसल्यावर आमच्या एका चुलतभावाने उत्साहाने दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. दिसायला झ्याक. दुसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याला फुगे आले, ठोकलं तर पोकळ आवाज. जोत्यातून वर चढणारी ओल पूर्वी माती-चुन्यातून वाळून जायची, ती सिमेंटने आत कोंडली. मातीच्या भिंतीला मातीचंच लिंपण, चुन्याच्या भिंतीला चुनाच. अडचण अशी की चुन्याची घाणी फिरवलेला, हिरड्या-गुळाचं पाणी घालून चुना मळलेला गवंडी आता तालुक्यात शोधावा लागतो. सापडला तर त्याच्या हाताखाली गावातली दोन पोरं द्या. पुढे त्याचीच मागणी येणार आहे. आणि भिंतीत पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच उपटा. देवाचं झाड म्हणून हात लावायला कचरतात. तेच पुढे भिंत फोडतं. जुन्या कड्यांवरून लोंबणारी विजेची वायर हीदेखील घरातली आगपेटीच समजा. शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत गेले, तेव्हा तर वीजही नव्हती.

पण खरं सांगू का? वाडे पावसाने कमी पडतात, हिश्श्याने जास्त पडतात.

अकरा नावांपैकी तीन आमच्या आत्यांच्या वारसांची. भावकीत कुजबुज होती, 'राहत्या घरात लेकीबाळींचा काय हक्क?' ही समजूत कुठून आली तेही माहीत असू द्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २३ होतं. घरात कुटुंबातली माणसं राहत असतील, तर भाऊ वाटप मागेपर्यंत बहिणीला राहत्या घराचं वाटप मागता येत नव्हतं. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम गेलं. म्हणजे आता हक्कसोडपत्राचा कागद गोडीगुलाबीने पुढे सरकवून भागत नाही. बहिणीला विचारावंच लागतं. आम्ही विचारलं, तेव्हा धाकट्या आत्याच्या मुलाने सगळ्यांच्या आधी मातीची वर्गणी दिली.

दुसरा कायदा आणखी जुना, १८९३ चा वाटपाचा कायदा. त्याचं कलम ४ प्रत्येक वाडेकराने पाठ करावं. एखाद्या हिस्सेदाराने अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला आपला हिस्सा बाहेरच्याला विकला आणि त्या बाहेरच्याने वाटपासाठी दावा लावला, तर घरातला हिस्सेदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा स्वतः घेऊ शकतो. हे ठाऊक नसल्याने कित्येक ठिकाणी चौकाच्या मधोमध भिंत उभी राहिली. चौकात भिंत घातली की वाड्याचा उजेड जातो, वारा जातो, पाण्याची वाट अडते.

वाटणी झाली म्हणजे वाडा मोडलाच असंही नाही. गोव्यात चांदोरला मिनेझिस ब्रागांझा घराण्याचं भलं मोठं घर आहे. एका बाजूला एक शाखा, दुसऱ्या बाजूला दुसरी. दोघेही आपापली बाजू पाहुण्यांना दाखवतात आणि लोक देतील त्या देणगीचा घर राखायला आधार होतो. आपल्याकडे वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी नाना फडणविसांचा वाडा आहे. तो वंशजांकडेच राहिला आणि 'स्वदेस' या २००४ च्या चित्रपटाचं चित्रीकरण त्या गावात झालं. अर्थात प्रत्येक वाड्यात सिनेमावाले येणार नाहीत. तो हिशेब धरून कर्ज काढू नका.

वाड्यावर आणखी एक माणूस येतो. सिनेमावाल्याआधी येतो आणि हमखास येतो. मोटारसायकल दारात लावतो, पाणी मागतो, मग चौकटीवर हात फिरवतो. "काका, ही पडायलाच आली आहे, मी नवी लोखंडी बसवून देतो, वर रोख." आमच्याकडे तो तीनदा येऊन गेला. त्याला मुख्य दरवाज्याची चौकट आणि ढाळजेतले चार खांब हवे आहेत. खांब काढले की तुळई लोंबणार आणि उरलेला वाडा दोन वर्षांत आपोआप बसणार, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. अशा माणसाला एकच प्रश्न विचारा: परवाना दाखव. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची, इमारतीतून काढलेली वस्तूही पुरावस्तूच ठरते. तिचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. प्रश्न विचारल्यावर आमच्या दारातून तो पाणी न पिताच गेला. पण चौथ्यांदा येणार नाही असं नाही. आमच्यातल्याच दोघांनी त्याचा नंबर घेऊन ठेवला आहे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच) यांना दोन शब्द. वाडा पडका दिसला की धोकादायक म्हणून नोटीस काढणं सोपं असतं, आणि माणसं खाली राहत असतील तर ती काढायलाच हवी. पण नोटिशीत पाडायच्या आधी टेकू देऊन दुरुस्तीची मुदत देता येईल का, ते अभियंत्याला विचारा. दुसरं, केंद्राने २४ एप्रिल २०२० ला सुरू केलेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळतं. आधी जागेवर चुन्याच्या रेघा मारतात. त्या रेघा मारताना सगळे हिस्सेदार हजर राहतील असं बघा, शहरातल्यांना फोन करा. नमुना आठ ही कराची नोंद, मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. पण त्यातली मेलेल्या माणसांची नावं कमी करून वारसांची लावली नाहीत, तर पुढे मालमत्ता पत्रकातही घोळ होतो. आमच्या अकरांतली चार माणसं वारलेली आहेत.

वाडा जुना म्हणून तो आपोआप 'पुरातत्त्व'चा होत नाही, ही भीतीही काढून टाका. अधिसूचना निघाली तरच १९५८ चा केंद्राचा किंवा १९६० चा राज्याचा कायदा लागतो. मात्र तुमचं घर केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत असेल तर नवं बांधकाम बंद, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. १६ जून १९९२ च्या आधीचं घर असेल तर दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. घर कधीचं हे दाखवणारे जुने उतारे जपून ठेवा.

आमचं म्हणाल तर उत्तरेच्या सोप्यावरची माती गेल्या महिन्यात उतरवली. कुजलेल्या पाच कड्या बदलल्या. प्लास्टिक आणलं आहे, पांढऱ्या मातीच्या दोन ट्रॉल्या सांगून ठेवल्या आहेत. अकरापैकी सात हिश्श्यांची वर्गणी आली. सात जूनला मृग निघतो.